बंद पेटीचं पाणी

दुपारी बाराच्या सुमारास बोटी धक्क्याला लागल्या की च्येन पाओ-चू रबरी बूट चढवून लाकडी खोक्यावर उभी राही आणि लिलावाची पहिली हाक देई. त्या हाकेने समोरच्या समुद्रदेवी माझूच्या देवळावरची कबुतरं उडत. बंदरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. पाओ-चू ओरडली म्हणजे भात टाकायची वेळ झाली, एवढं बायकांना पुरे होतं.

बंदरातले सगळे तिला आ-चू-ज्ये म्हणत. ज्ये म्हणजे ताई. सत्तरी ओलांडलेले नाखवेही तिला ताईच म्हणत, कारण खोक्यावर उभी असताना ती वयाचा मान ठेवत नसे.

हा आवाज तिला लहानपणापासून होता. सहा बहिणींत ती पाचवी. धुकं पडलं की घरचे तिला दगडी बांधाच्या टोकाला उभं करत आणि ती समुद्राकडे तोंड करून ओरडे, "आ-पा, इकडे! आ-पा, इकडे!" वडिलांची बोट त्या आवाजावर आत येई. इतरांच्याही येत. मग ते नाखवे उतरल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवून, आपण तुझे आ-पा नाही, पण तुझे उपकार झाले, असं सांगून पुढे जात. ती चोवीस वर्षांची असताना मच्छीमार संघाचा हाक देणारा माणूस ताप येऊन पडला. त्या दिवशी "आजच्यापुरती तू उभी राहा" असं तिला सांगितलं गेलं. त्याला एकतीस वर्षं झाली. ते आजच्यापुरतं अजून संपलं नव्हतं.

उघड्या टोपल्यांतले बांगडे आणि लाल कोळंबी विकणं कुणालाही जमलं असतं. आ-चूची खरी परीक्षा शेवटी असे. टोपल्या संपल्या की उरलेला मिसळ मासा थर्माकोलच्या पेट्यांत बर्फ घालून, झाकणाला चिकटपट्टी लावून रांगेत ठेवत. या बंद पेट्या. त्या उघडून दाखवायच्या नाहीत, आ-चूच्या शब्दावर घ्यायच्या, अशी तिथली रीत. आ-चू वाकून पेटीच्या खालच्या कोपऱ्यातल्या भोकातून ठिबकणारं पाणी दोन बोटांवर घेई, त्याचा वास घेई, उजेडाकडे धरून रंग बघे आणि सांगे, "खाली माकूल, वर वाकटी, एखादा खेकडा चुकून आलाय." उघडल्यावर तसंच निघे. आणि न निघालं, तरी तिचा नियम पक्का होता: हाक पडली की माल परत नाही.

बंदरासमोर सियाऊ आ-पेची खानावळ होती. आ-पे म्हणजे थोरले काका. वय एकोणऐंशी, दोन्ही कानांनी कमी ऐकू येई. मुलाने पाच वर्षांपूर्वी श्रवणयंत्र आणून दिलं होतं, ते त्यांनी सदऱ्याच्या खिशात बटण लावून जपून ठेवलं होतं. "आ-चू ओरडतेय तोवर याची गरज काय?" असं ते विचारत. याच आ-पेंच्या पदरात दहा वर्षांपूर्वी एक बंद पेटी पडली होती. तिच्यात बर्फ आणि तीन खेकडे निघाले. ते पेटी घेऊन परत आले, तेव्हा आ-चूने सगळ्या बाजारादेखत त्यांना नियम म्हणून दाखवला होता. आ-पे ते विसरले नव्हते. महिन्यातून एकदा, सूप वाढताना, ते त्या तीन खेकड्यांची तब्येत विचारत.

तर अशा या बाईच्या गळ्यात गाठ निघाली.

तपासणीची गाडी बंदरावर आली होती आणि तपासून घेणाऱ्याला डझनभर अंडी मिळत होती. आ-चू अंड्यांसाठी गाडीत चढली. खाली उतरताना तिच्या हातात अंडी होती आणि एक चिठ्ठी: थायरॉइडच्या डाव्या बाजूला गाठ, मोठ्या इस्पितळात दाखवावे.

मोठ्या इस्पितळातल्या ल्याओ डॉक्टरीणबाई वयाने आ-चूच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी गळ्यात सुई घालून पेशी काढल्या. अहवाल आला: सांगता येत नाही. महिन्याने पुन्हा सुई. पुन्हा तेच.

"सांगता येत नाही म्हणजे काय?" आ-चूने विचारलं. "एकतीस वर्षं हाक देतेय. मासा विकला जातो, नाहीतर जात नाही. तिसरं काही मी पाहिलेलं नाही."

"गाठ साधी असेल किंवा कर्करोगाची असेल. अशा वेळी आपण अर्धी ग्रंथी काढतो आणि मग तपासतो," डॉक्टर म्हणाल्या.

"आधी कापायचं आणि मग बघायचं, की कापायला हवं होतं का?"

डॉक्टरांनी मान डोलावली. "हो. असंच आहे ते."

"आणि माझा आवाज?"

"आवाजाची नस अगदी शेजारून जाते. आम्ही जपतो. तरी शंभरात एक-दोघांचा आवाज बसतो."

आ-चू घरी आली. नवऱ्याला, आ-फूला, तिने बजावलं, "कुणाला सांगशील तर बघ. संघाचा हुआंग सचिव लिलावाच्या त्या बटणांच्या यंत्राचे कागद दोन वर्षं टेबलावर ठेवून बसलाय. मी दोन महिने खोक्यावरून उतरले की त्याचं यंत्र वर चढलं म्हणून समज."

आ-फू मुळात कमी बोलणारा माणूस. तिच्याशी लग्न झाल्यापासून बोलायची त्याला गरजच पडली नव्हती. तो म्हणाला, "देवीला विचार."

तिने देवळात जाऊन माझूसमोर चंद्रकोरीसारखे लाकडी कौल टाकले. एक पालथा आणि एक उताणा पडला तर होकार, दोन्ही पालथे तर नकार, दोन्ही उताणे पडले तर देवी हसली, पुन्हा विचार. आ-चूने तीनदा टाकले. देवी तिन्ही वेळा हसली.

"डॉक्टरलाही सांगता येत नाही आणि तुलाही," आ-चू देवीला म्हणाली. "ती निदान हसत तरी नाही." मग जरा घाबरून तिने दोन उदबत्त्या जास्त लावल्या.

पुढच्या खेपेला तिने डॉक्टरांना स्पष्टच सांगितलं, "आत काय आहे ते माहीत नसताना मी गळा कापून घेणार नाही. माहीत असेल तर कापा. ओरडणारही नाही."

तेव्हा ल्याओ डॉक्टरांनी तिला त्यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. गाठीतल्या पेशी सूक्ष्म कण रक्तात सोडतात, ते मूत्रपिंडातून गाळले जाऊन थोडेसे लघवीत उतरतात, आणि त्यातली काही प्रथिनं कर्करोगाच्या गाठींत जास्त दिसतात, असा त्यांचा अंदाज होता. एका दिवसाची आणि रात्रीची सगळी लघवी साठवून आणायची आणि ती प्रथिनं मोजायची. "पण हा प्रयोग आहे," त्यांनी बोट वर केलं. "नुसत्या त्याच्यावर मी कुणाचा गळा उघडणार नाही आणि कुणाला निर्धास्त घरीही पाठवणार नाही. काटा कुठे झुकतो, एवढंच कळेल."

आ-चू खुर्चीत पुढे सरकली. "म्हणजे पेटी उघडायची नाही. कोपऱ्यातून पाणी ठिबकतं, त्याच्यावरून आतला मासा ओळखायचा."

"कुठली पेटी?"

आ-चूने सगळं समजावलं. डॉक्टरांनी ते टिपून घेतलं. "मी आठ महिने लोकांना हे सांगतेय," त्या म्हणाल्या, "पण एवढं सोपं करून मला सांगता आलं नव्हतं."

"वास कोण घेतं? तुम्ही?"

"नाही, यंत्र आहे."

"यंत्राला नाक असतं?" आ-चूने संशयाने विचारलं आणि तीन लिटरची तपकिरी बाटली पिशवीत घालून ती निघाली. नियम दोनच होते: चोवीस तासांतला थेंबही सोडायचा नाही आणि बाटली सतत गार ठेवायची.

गार ठेवायला मच्छीमाराच्या घरी काय कमी? आ-फूने घरातली एक थर्माकोलची पेटी धुतली, बाटली आत ठेवली, भोवती बर्फ दाबून भरला, झाकणाला चिकटपट्टी लावली. आता लिलावाच्या वेळी आ-चू बंदरावर असणार, म्हणून पेटीही तिथे हवी. त्याने ती स्कूटरवर पायांमध्ये ठेवून आणली, धक्क्यावरच्या तिसऱ्या खांबाच्या सावलीत ठेवली आणि तो चहा प्यायला गेला. घरातल्या सगळ्या पेट्या बंदरातूनच आलेल्या असल्यामुळे तिच्यावरही एका बोटीचा निळा शिक्का होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. शिक्का बघून हमालांनी लोखंडी आकडा अडकवला आणि पेटी ओढून रांगेत नेली.

त्या दिवशी मासा भरपूर होता. आ-चू टोपल्यांमागून टोपल्या विकत, हाकेच्या लयीत बंद पेट्यांपाशी आली. पहिली, माकूल. दुसरी, वाकटी. तिसरी, चौथी, पाचवी. अकराव्या पेटीशी वाकून तिने दोन बोटं भोकाखाली धरली आणि थबकली. पाण्याला वास नव्हता. रंग नव्हता. बोटं तिने उजेडाकडे धरली.

"हे बघा!" तिने हात उंचावला. "एकतीस वर्षांत असलं पाणी पाहिलं नाही! आरशासारखं! आत जे काय आहे ते अर्ध्या तासापूर्वी जिवंत होतं, ही माझी जबान!"

घेणारे पुढे सरसावले. सियाऊ आ-पेंच्या खानावळीत त्या दिवशी सुनेच्या माहेरची माणसं जेवायला यायची होती. ते हात खाली घ्यायलाच तयार नव्हते. बाकीच्यांनी माघार घेतली. आ-चूने तीनदा हाक दिली, पेटी आ-पेंची झाली आणि ते ती हातगाडीवर घालून रस्ता ओलांडून गेले.

लिलाव उरकून आ-चू खांबापाशी आली. तिला घाई होती.

"आ-फू, बाटली कुठाय?"

"पेटीत."

"पेटी कुठाय?"

आ-फूने खांबाकडे पाहिलं. खांबापाशी ओली चौकट उमटली होती. मग त्याने रांगेची जागा पाहिली. मग बायकोकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याला एवढं भरभर बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "शिक्का होता गं तिच्यावर! निळा! मी धुतली पण पुसला नाही!"

आ-चूच्या डोळ्यांसमोर तिची ती दोन बोटं आली. अर्ध्या तासापूर्वी जिवंत होतं.

ती बूट फटक-फटक वाजवत खानावळीत शिरली. चारपाच गिऱ्हाइकं शेवया खात होती. कोपऱ्यात हुआंग सचिव वाडगं तोंडाला लावून बसला होता. पेटी ओट्यावर होती आणि आ-पे सुरी घेऊन चिकटपट्टीची कड शोधत होते.

"आ-पे, थांबा! ती पेटी परत द्या."

"काय?"

"पेटी! परत द्या!"

आ-पेंनी सुरी खाली ठेवली. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. दहा वर्षं ते याच दुपारची वाट बघत होते. "हाक पडली की माल परत नाही," ते सावकाश म्हणाले. "असा काहीतरी नियम आहे म्हणतात."

"आ-पे, हात जोडते. चूक झाली."

"खेकड्यांच्या वेळीही चूकच झाली होती." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "तू परत मागतेस म्हणजे आत काहीतरी जबरदस्त आहे. काय आहे, ते आधी सांग."

आ-चूने कोपऱ्यातल्या सचिवाकडे पाहिलं. मग ती आ-पेंच्या कानाशी वाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजली.

"काय?"

ती पुन्हा कुजबुजली.

"अगं ए, तुझा आवाज समुद्रात चार मैल जातो आणि मला इथे ऐकू येत नाही? मोठ्याने बोल! सोन्याचा मासा आहे का?" असं म्हणून आ-पेंनी सुरी उचलली आणि पट्टीच्या कडेखाली सारली.

"आत माझी लघवी आहे!"

ही हाक लिलावाची होती. पोटातून आलेली. देवळावरची कबुतरं उडाली. धक्क्यावर जाळी विणणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. आणि एकदा हाक सुटली की आ-चूला मध्ये थांबता येत नसे. "माझ्या गळ्यात गाठ आहे! डॉक्टरला ती कळत नाही! देवीला कळत नाही! म्हणून चोवीस तासांची साठवायची आहे आणि आता मला पुन्हा जायचंय!"

हुआंग सचिवाच्या तोंडातून एक शेवई लोंबत होती, ती त्याने ओढून घेतली नाही की तोडली नाही.

आ-पेंनी सुरी पाण्याने धुतली, पुसली, खणात ठेवली. मग पेटी दोन्ही हातांनी उचलली, नववर्षाची भेट द्यावी तशी, आणि थोडं वाकून आ-चूपुढे धरली.

"बंद पेटीत मला दुसऱ्यांदा फसवलंस," ते म्हणाले. "पण जबान खरी होती. अर्ध्या तासापूर्वी आणलेली होती ना?"

पहिल्यांदा आ-फूच हसला.

त्या गडबडीत एका वेळची लघवी बाटलीबाहेर गेली. आ-चूने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना ते खरं-खरं सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ओतून टाकायला लावलं आणि नवी बाटली दिली. बाजार बंद असतो त्या दिवशी तिने पुन्हा सुरुवात केली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे बंदरातल्या प्रत्येकाने लक्ष घातलं. "आ-चू-ज्ये, कुठवर आली?" रस्त्यापलीकडून लोक विचारत. जाळीवाल्या बायकांनी पपनस पाठवलं, आ-पेंनी मुळ्याचं सूप. "पी," ते म्हणाले, "माल कमी पडायला नको."

अहवाल तीन आठवड्यांनी आला. ल्याओ डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला. "काटा वाईट बाजूला झुकलाय. मी सांगितलं होतं, एकट्या याच्यावर मी जाणार नाही. तिसऱ्यांदा सुई घालू का?"

"पाण्याला वास येतोय म्हणता?"

"येतोय."

"मग घाला."

तिसऱ्या सुईने सरळ उत्तर दिलं. कर्करोग होता, लहान होता, एकाच बाजूला होता. आ-चू बराच वेळ हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत बसली. मग म्हणाली, "ठीक आहे. आता उघडा."

त्या रात्री तिने आ-फूला विचारलं, "आवाज गेला तर?"

"तर मी बोलेन," आ-फू म्हणाला. आणि पुढचा अर्धा तास काही बोलला नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. अर्धी ग्रंथी गेली. टाके भरायला ताज्या माशाचं पातळ सूप लागतं, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे घरी आल्यावर रोज नऊ-दहा घरांतून सूप येऊ लागलं. आ-चूला दोन वाडग्यांपलीकडे जात नसे. बाकीचं आ-फू पिई. सात आठवड्यांत तो असा गुटगुटीत झाला, की भेटायला येणारे आधी त्यालाच, टाके कसे आहेत, म्हणून विचारत.

पण आवाज आला नाही. म्हणजे आला, पण भोक पडलेल्या फुग्यातून येतो तसा. डॉक्टर म्हणाल्या, नस शाबूत आहे, फक्त रुसली आहे. महिने लागतील.

इकडे बंदरावर यंत्र चढलं होतं. प्रत्येकाच्या हातात बटणांचा डबा आणि समोर आकड्यांची पाटी. पहिल्याच दिवशी आ-पेंनी चुकीचं बटण दाबलं आणि त्यांना आमिषाच्या बारीक माशांचे सहा हारे घ्यावे लागले. ते महिनाभर खानावळीच्या मागे मांजरांचे यजमान झाले होते. तरीही उघड्या टोपल्या यंत्रावर बऱ्या विकल्या जात. बंद पेट्या मात्र जागच्या हलेनात. पाटीवर आकडा लागे, कुणी बटण दाबत नसे. आत काय आहे ते सांगणार कोण? नाखवे चिडले. शेवटी हुआंग सचिव स्वतः एकदा पेटीशी वाकला, दोन बोटं ओली केली, वास घेतला आणि म्हणाला, "माशाचा येतोय." लोक इतके हसले, की तो त्याच संध्याकाळी आ-चूच्या घरी सूप घेऊन गेला.

"आ-चू-ज्ये," तो म्हणाला, "टोपल्या यंत्र विकेल. तुम्ही पेट्यांपुरत्या या."

"ओरडता येत नाही," आ-चू त्या फुटक्या आवाजात म्हणाली.

"ओरडायला कुणी बोलावतंय? मला नाक पाहिजे."

एकतीस वर्षं आपण गळ्याचं खातो अशी तिची समजूत होती. आ-चूने नाकाला हात लावून पाहिला.

आठव्या आठवड्यात, गळ्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून, ती पेट्यांच्या रांगेशी आली. खोक्यावर चढली नाही. वाकली, बोटं ओली केली, उजेडाकडे धरली. "खाली कोळंबी," ती म्हणाली, "वर दोन मोठे बांगडे." मागच्यांना ऐकू गेलं नाही. लोक पुढे आले. तरीही ऐकू जाईना, तेव्हा कुणीतरी बोटीचं इंजिन बंद करायला सांगितलं. दुसरंही बंद झालं. बर्फ फोडणाऱ्याने फावडं टेकवून ठेवलं. त्या धक्क्यावर भर दुपारी पाणी ठिबकल्याचा आवाज पहिल्यांदाच येत होता.

"काय?" सियाऊ आ-पे सगळ्यांत पुढून ओरडले. "मोठ्याने बोल!"

"आ-पे, गप्प बसा!" चारी बाजूंनी लोक खेकसले.

आ-पेंनी सगळ्यांकडे एकदा रागाने पाहिलं. मग सदऱ्याच्या खिशाचं बटण काढलं, पाच वर्षं जपलेली डबी उघडली आणि ते यंत्र फुंकर मारून कानात बसवलं.

आ-चूने वाकून पुन्हा सांगितलं, "खाली कोळंबी. वर दोन मोठे बांगडे."

"ऐकू आलं," आ-पे म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. दुसऱ्या हाताने कान दाबत ते मागे वळले. "पण तुम्ही सगळे एवढे ओरडता कशाला रे?"